मधला गोंगाट

सायकली दुरुस्त करणारा ठोक्या तीस वर्षांपूर्वी कानठळ्या बसवणाऱ्या हार्डकोअर पंक बँडमध्ये ड्रम बडवायचा. बँडची एकुलती एक कॅसेट ठोक्याच्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड झाली. शेवटच्या गाण्यात आई दार बडवत ओरडली होती, "मेल्यांनो, बंद करा, कान फुटले!" आई गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता.

यंदा परदेशातल्या एका कंपनीने मूळ कॅसेट मागवून नवी रेकॉर्ड काढली. पार्सल येताच ग्रीसचे हात न पुसताच त्याने ती लावली. शेवटच्या गाण्यात आई नव्हतीच. सोबत चिठ्ठी होती: 'मधला गोंगाट काढला आहे. जुनी टेप वाजवताना तुटली, क्षमस्व.'

"अख्खी कॅसेटभर बोंबललो आम्ही," तो बायकोला म्हणाला, "आणि गोंगाट म्हणून काढलं कुणाला, तर आईला!"