दोरी धरणारी मावशी

बी.एस्सी.ला असताना पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी मी दर शनिवारी नायगावजवळच्या एका विहिरीचं पाणी मोजायला जायचे. मला बघून शेतातली एक बाई खुरपं टाकून आपणहून यायची. पदर खोचून दगड बांधलेली दोरी हळूहळू आत सोडायची, कान विहिरीकडं लावायची आणि दगड पाण्याला लागला की म्हणायची, "टेकला बग!" मग विचारायची, "जेवलीस का गं?"

शेवटच्या शनिवारी मी सांगितलं, "मावशी, प्रोजेक्ट संपला."

दोरी गुंडाळत ती म्हणाली, "तुझं मोजून झालं, पर हीर हितंच हाय की. येत जा."

पुन्हा जाणं झालंच नाही. आता लातूरच्या कॉलेजातून मी माझ्या विद्यार्थिनींना विहिरी मोजायला पाठवते. त्या आकडे घेऊन येतात. आकड्यांच्या आधी मी विचारते, "दोरी कोणी धरली होती?"