काळ्या पडद्यावरचा पिवळा पंप

प्रिंटरमधून पान बाहेर आलं. वर शीर्षक, खाली सूचना आणि मध्ये कोरी जागा. पंपाचं चित्र गायब!

"मॅडम, पंप कुठे आहे?" आमचे मॅनेजर राघवन सर म्हणाले. "संध्याकाळी डीलरचा माणूस येतोय. मॅन्युअल छापून दाखवलं नाहीत, तर कॉम्प्युटर परत जाणार."

मुलांनो, ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मद्रासजवळ एन्नोरच्या पंपांच्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात होते. तोवर आम्ही चित्र कात्रीनं कापून मजकुराच्या पानावर डिंकानं चिकटवायचो. कॉम्प्युटर नुसता वापरून बघायला आणला होता, तोही माझ्या हट्टानं. तो गेला असता तर माझा शब्दही गेला असता.

"कात्री कधी बंद पडत नाही, अक्का," ड्राफ्ट्समन कण्णननं टोमणा मारला.

मी पुन्हा एक्स्पोर्ट केलं. एक्स्पोर्ट म्हणजे ड्रॉइंगच्या प्रोग्राममधलं चित्र बाहेर काढून मजकुराच्या फाइलमध्ये बसवायचं. पुन्हा कोरंच! पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. पंपाच्या जागी विरळ ठिपके होते. आणि मला एकदम हसू फुटलं.

आपल्याकडे शुभ कागदाच्या कोपऱ्यांना हळद लावतात ना? त्याच सवयीनं मी पंपाच्या सगळ्या रेघा पिवळ्या काढल्या होत्या. ड्रॉइंगचा पडदा काळा, त्यावर पिवळं झळकायचं. पण कागद पांढरा, आणि प्रिंटरची रिबन काळी! पिवळ्यासाठी तो बिचारा अधूनमधून एखादा ठिपका टाकत होता.

रेघा एका लेयरवर होत्या. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एक समजा. त्याचा रंग मी काळा केला. पडद्यावरून पंप नाहीसा झाला. काळ्यावर काळा!

"अय्यो! पुसलात?" सर ओरडले.

"नाही सर, तिथेच आहे."

"मला दिसत नाही!"

"मलाही नाही. म्हणूनच छापायचा."

मी पुन्हा एक्स्पोर्ट करून पान छापायला दिलं. प्रिंटर करकरू लागला. आधी शीर्षक. मग पाइपाची कड. मग आतल्या चक्राची पाती, सरकत सरकत, ठसठशीत काळी. आम्ही तिघं प्रिंटरवर ओणवलो.

"आला! आला!" देवाचा रथ वळणावर दिसावा तसे सर ओरडले.

डीलरचा माणूस कॉम्प्युटर न्यायला आला आणि ऑर्डर घेऊन गेला. कण्णननं डिंकाची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"असू द्या, अक्का. मॅन्युअलची पाकिटं अजून कॉम्प्युटर चिकटवत नाही."

तेव्हापासून रेघेचा रंग मी कागद बघून ठरवते. हळद फक्त कोपऱ्यांना.