हळदीकुंकू लावलेलं वायफाय कार्ड

तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मी, माझी सून वैशाली, नात सायली, आणि खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे ते जिग्नेशभाई. पाचवं कोणी नव्हतं, हे आधीच सांगते. मी बोलतेय, सायली टाइप करतेय. माझी शाळा चौथीतच सुटली.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मिल बंद पडली, मग त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यातच गेले. मी भटवाडीत घरोघरी चपात्या लाटून मुलाला शिकवलं... आणि तो नितीन पण तापात गेला. तेव्हा ना देव आला ना भूत. मग आता कशाला येईल? रोज दिवा लावते तो सासूने लावलेली सवय म्हणून.

नितीनचा जुना लॅपटॉप होता घरात. सायली त्याच्यावरच शिकली. पण त्याचं वायफाय सारखं तुटायचं. मागच्या इंटरव्ह्यूला पोरगी बोलता बोलता स्क्रीनवर तशीच थिजली, आणि त्या कंपनीचा परत फोनच नाही आला. आता दुसरीकडनं बोलावलेलं — दुपारी, लॅपटॉपवरच, मोबाइल चालणार नाही म्हणून सांगितलेलं.

जिग्नेशभाई म्हणाले, “मावशी, नवा लॅपटॉप कशाला? आतलं वायफायचं कार्ड बदलू. झकास पळेल.”

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ते आले. लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून वाटीत ठेवले, जुनं कार्ड काढलं. त्याला दोन बारीक वायरी होत्या, एक काळी, एक पांढरी. मग नवीन कार्ड पाकिटातनं काढलं. काड्यापेटीहून लहान हिरवी पट्टी, कडेला सोनेरी दात.

मी म्हटलं, “थांबा. नवीन वस्तू आहे. आधी देवापुढे ठेवते.”

“आजी, ते फ्रिज नाहीये गं,” सायली म्हणाली.

“फ्रिजला लावलं तेव्हा बिघडला का?”

जिग्नेशभाई हसले. “लावा मावशी, पण पाणी नाय टाकायचं हां.”

मी हळदीकुंकू लावून कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. तेवढ्यात जिग्नेशभाईंना दुकानातनं फोन आला, झाकण नुसतं वर ठेवून ते खाली पळाले. इकडे नळाला पाणी आलं, म्हणून मी आणि वैशाली हंडे घेऊन मोरीत. सायली आंघोळ करून आली, बघते तर लॅपटॉपचं झाकण नुसतं ठेवलेलं. तिला वाटलं, काकांनी कार्ड बसवलं. तिने स्क्रू घट्ट केले. जिग्नेशभाई परत आले, त्यांना वाटलं पोरीनेच बसवलं. मला वाटलं, ते देव्हाऱ्यातनं घेऊन गेले. कुणी कुणाला विचारलं नाही. इंटरव्ह्यूची वेळ झालेली ना...

लॅपटॉप चालू केला. नेट लागलं. सगळ्या दांड्या भरलेल्या.

“बोला मावशी, कसं पळतंय?” जिग्नेशभाईंनी कॉलर वर केली.

मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खाली बसून गवार मोडत होते. इंग्रजी मला कळत नाही. पण समोरच्या साहेबांचा आवाज असा येत होता, जसे आमच्या खाटेवरच बसलेत. सायली एकदाही अडखळली नाही. नेट पण नाही. शेवटी साहेब काहीतरी बोलले, आणि पोरीने टेबलाखाली माझा हात धरला, तो दुखेपर्यंत दाबला.

“आजी... घेतलं मला.”

वैशाली रडली. जिग्नेशभाईंनी जिलबी मागवली. मी गवार पुरी मोडली.

संध्याकाळी दिवा लावायला गेले. समईच्या मागे कार्ड. सोनेरी दातांवर माझं कुंकू, जसंच्या तसं.

मी सायलीला हाक मारली. तिने जिग्नेशभाईंना बोलावलं. ते म्हणाले, “दुसरं असेल.” मी म्हटलं, “उघडा.” उघडलं. कार्डाची जागा रिकामी. काळी आणि पांढरी वायर तशीच लोंबत होती. नेटची केबल लावायचं भोक तर कधीचं तुटलंय, आणि मोबाइल त्याला जोडलेला नव्हता. तिथेच परत चालू करून बघितलं — एक दांडी दिसली नाही. वायफायचं नावच नाही.

जिग्नेशभाई स्टुलावर बसले. “मावशी, ये तो हो ही नहीं सकता.”

“झालंय ना पण.”

“तुम्हाला भीती नाय वाटत?”

“माझी भीती कधीच वापरून संपली,” मी म्हटलं. “जिलबी उरलीय, घ्या.”

मग कार्ड पुसून त्यांनी बसवलं. चालतं आता, चारचौघांचं चालतं तसं. मिक्सर लावला की अडखळतं. त्या दुपारसारखं मात्र परत कधी नाही चाललं.

वैशाली म्हणते, नितीनने केलं. जिग्नेशभाई म्हणतात, देवीने. जाता-येता देव्हाऱ्याला हात जोडतात आता. सायली पहिल्या दिवशी कामाला गेली, तेव्हा बापाच्या लॅपटॉपवर हात ठेवून गेली. मला माहीत नाही.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्यात कुणी कॉम्प्युटरचं काम करणारं असेल, तर कार्ड नसताना नेट कसं लागलं ते साध्या मराठीत खाली लिहा. नसेल कळत तर “नाही कळत” एवढंच लिहा. तेवढं मला पुरेल.