तेलाच्या देशातलं तेल

समुद्रकाठच्या त्या टीचभर देशात मी सात वर्षं गवत कापलं. पाऊस बारमाही, म्हणून गवतही बारमाही. राजा म्हणेल तो कायदा. तिथल्यांना शाळा-दवाखाना फुकट, आम्हाला तापलेल्या पत्र्याची खोली. तेल समुद्रातून निघून परस्पर जहाजात जायचं. मला थेंबही दिसला नाही.

आईच्या लेखी तेल म्हणजे खायचंच. "येताना तिथलं बाटलीभर आण," असं ती दर फोनला बजावायची. समजावून थकलो. शेवटी परतताना वाटेतल्या जवळा बाजार गावात करडईचं तेल घेतलं, तिकडच्या बाटलीत भरलं आणि तिला दिलं.

तिनं भाकरीवर घेऊन चाखलं.

"आपल्यासारखंच हाय की," ती म्हणाली. "मंग एवढ्या दूर काहून गेल्तास रे?"