आव्वांच्या मंगलाष्टकांचा वेग

‘ही मी न्हाई,’ आव्वांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी सरळ माझ्या कीबोर्डवर ठेवली.

आव्वा म्हणजे माजलगावच्या मोंढ्यातले भुसार व्यापारी शिवअप्पा, त्यांची आई. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. घरातल्या प्रत्येक लग्नात त्यांनीच रचलेली मंगलाष्टकं त्या स्वतः म्हणत. आता परवावर शेवटच्या नातीचं लग्न आलं होतं, आणि नात म्हणत होती, म्हणतील तर आव्वाच.

आव्वांच्या धाकट्या मुलाला एक फ्लॉपी सापडली. कॉलेजात असताना त्यानं डॉसवाल्या कॉम्प्युटरवर आव्वांना रेकॉर्ड केलं होतं. फाईल व्हीओसी, म्हणजे त्या वेळच्या साउंड कार्डाची खास पद्धत. माझ्या कॉम्प्युटर सेंटरमधलं नवं विंडोज तिला उघडेना. तिची विंडोजला चालणारी वेव्ह फाईल करायची आणि कॅसेटवर उतरवायची, एवढंच काम. अर्ध्या तासात देतो, असं मी ऐटीत सांगून बसलो.

फ्लॉपीला बुरशी लागली होती. आवाज शाबूत होता, पण फाईलची सुरुवात, म्हणजे हेडर, खराब झालेलं. एका सेकंदाच्या आवाजाचे किती तुकडे करून साठवलेत, तो आकडा हेडरमध्ये असतो. त्याला सॅम्पल रेट म्हणतात. तो चुकला की आवाज धावतो, नाहीतर रेंगाळतो. मी आपला नेहमीचा अकरा हजार पंचवीस टाकला.

छान गोड, तरण्या बाईचा आवाज आला. शिवअप्पांचे डोळे भरून आले.

“हाच ठिवा सर. आव्वाचा आवाज असाच व्हता.”

धाकट्यानंही मान डोलावली. गिऱ्हाईक खूश म्हटल्यावर मी कॅसेट डेकमध्ये घातलीसुद्धा. तेवढ्यात ती पाटी आली.

शिवअप्पा समजूत घालायला लागले, लोकायला काय कळतंय, गोड हाय की. मला त्यांचा राग आला नाही. लेकरांना आई तरुणच आठवते. पण आव्वा जागच्या हलेनात.

मग मी आठ हजार टाकून पाहिलं. आवाज इतका जडावला की आव्वांनाच हसू फुटलं. हसण्याचाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. जुनी कार्डं मधलेच कुठलेतरी आकडे वापरत, त्यामुळे पुस्तकात शोधून उपयोग नव्हता. आव्वांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि टेबलावर बोटानं ताल धरला. मी शंभर-शंभरनं आकडा वाढवत गेलो. गाणं तालाच्या मागं पडलं की त्या बोट थांबवून माझ्याकडे बघत. शाळेतल्या मास्तरांनी एवढ्या वेळा मला पुन्हा करायला लावलं नव्हतं.

नऊ हजार शंभरला बोट थांबलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. रेकॉर्डिंगमध्ये दर ओळीआधी श्वास घेतल्याचा आवाज होता. तो आला की इकडे स्टुलावर आव्वांची छाती भरून यायची, अगदी त्याच क्षणी. तीन ओळी मी नुसता बघत राहिलो.

“असाच म्हनायची,” शिवअप्पा हळूच म्हणाले. “दम लागायचा तिला. इसरलोच व्हतो आमी.”

मी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून भरली.

लग्नाला मी गेलो होतो. आव्वा अंतरपाटाच्या बाजूला, नेहमीच्या जागी, तोंडापुढं पदर धरून उभ्या. कर्ण्यातून मंगलाष्टकं सुरू झाली. नातीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत नजर हलवली नाही. नंतर पाहुण्या बायका येऊन म्हणत होत्या, आव्वा, बरं झालं बाई, आवाज आला परत. आव्वांनी एकीलाही पाटी दाखवली नाही. हसून मान हलवत राहिल्या.

हेडर गेलेली फाईल आली, तर अंदाज करत बसू नये. आवाज ज्याचा आहे त्यालाच आधी बोलावून घ्यावं. गिऱ्हाईक खूश झालं, म्हणजे काम झालं असं नसतं.