दाराजवळचं ताट

बायकोच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. म्हणजे आम्ही मुलीकडचे. आणि मी जाऊन बसलो तो थेट मुलाच्या वडिलांच्या ताटावर.

बरं, ते ताट काही नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं. विहिणीच्या पंगतीचा थाट आमच्याकडे अजून पाळतात. पाटांच्या जागी टेबलखुर्च्या आल्या, तरी चांदीचं ताट, चांदीचा पेला, भोवती रांगोळीची महिरप आणि कडेला उदबत्ती असतेच. यातलं मला काहीही दिसलं नाही. मला दिसली ती खुर्ची. रांगेतली शेवटची, पाठीशी भिंत, समोर मोठं दार आणि डाव्या हाताला वाढप्यांचं मागचं दार, आठ पावलांवर. मोठ्या समाधानानं मी बसलो. वाढप्याला मीच वरपिता वाटलो असणार, कारण त्यानं दोन जिलब्या वाढल्या आणि वर आग्रहाची तिसरी. ती मी खाल्ली.

खरे वरपिता मागे येऊन उभे राहिले तेव्हा माझ्या तोंडाला मठ्ठ्याचा पेला होता. गृहस्थ सज्जन. बोलले ते मुलीचे मामा.

"आपण मुलाकडे कधी गेलात? कळवायचं तरी."

पंगत हसली. वरमाई तेवढ्या हसल्या नाहीत. बायको लांबून आली, हळूच "अहो, उठा" म्हणाली, आणि मी उठलो. जादा चांदीचं ताट नव्हतं. तेच घासून येईपर्यंत पंगत खोळंबली, आणि मी मागच्या दारानं बाहेर गेलो. ते दार निदान उपयोगी पडलं.

मी त्या खुर्चीपर्यंत कसा पोचलो, हे सांगायचं तर मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी जावं लागेल.

आम्ही कर्वेनगरात राहतो. रविवारी सकाळी दोघं भाजीला जातो. पिशवी मी धरायची आणि भाजी तिनं निवडायची, अशी आमची जुनी वाटणी आहे. त्या दिवशी ती लिंबं निवडत होती. पलीकडे दोन पोरांची गाडी लावण्यावरून बाचाबाची चालली होती. इतकी नेहमीची गोष्ट, की मी तिकडे पाहतही नव्हतो. मग त्यातल्या एकानं शर्टाच्या आतून कोयता काढला. कोयता मी तोवर फक्त शहाळेवाल्याच्या हातात पाहिलेला.

मी पळालो. पळायचं ठरवलं असं म्हणता येणार नाही. पन्नास-साठ पावलांवर, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरलो, दुकानदारानं माझ्या मागे शटर अर्धं ओढलं, आणि तिथे धापा टाकताना माझ्या लक्षात आलं की पिशवी हातात जशीच्या तशी आहे. मेथीची एक काडी पडलेली नव्हती. बायको मात्र नव्हती.

सगळा प्रकार दोन मिनिटांत संपला. एकाच्या दंडाला जखम झाली, दुसरा गाडीवरून पसार झाला. मी परत गेलो तेव्हा बायको भाजीवालीच्या हातगाडीमागे एका पालथ्या क्रेटवर बसली होती. गुडघा खरचटलेला. दोघी बायकांनी एकमेकींचे हात धरले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

"लिंबं राहिली," ती म्हणाली.

एवढंच. घरी आल्यावर मुलीला फोनवर तिनं सगळं सांगितलं. भाजीवालीनं तिला कसं खाली ओढलं, वगैरे. पलीकडून मुलीनं विचारलं असावं, कारण ही म्हणाली, "बाबा? बाबा पुढे होते जरा." तो "जरा" मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकला. त्यानंतर या विषयावर ती कधी बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आम्ही चहा बरोबर घेत होतो, लाइटच्या बिलावर, मुलीच्या सुट्टीवर बोलत होतो. त्या पन्नास-साठ पावलांवर मात्र मी एकटाच रोज जाऊन येत होतो. पुन्हा असं झालं तर मी पुन्हा तसाच पळेन का, हे मला तिला विचारायचं होतं. उत्तर तिला माहीत असेल अशी भीती होती.

मग मी तयारीला लागलो. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचं शिबिर झालं. मी वही घेऊन पहिल्या रांगेत. त्यांचं सांगणं साधं होतं. कुठेही गेलात की बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवा. काही सुरू झालं तर पहिलं निघा. मोबाइलवर चित्रण करत थांबू नका, सामानाचा मोह नको. निघता येत नसेल तर लपा, दार लावा, त्याला जड काहीतरी टेकवा, फोनचा आवाज बंद करा. दोन्ही जमलं नाही तरच हाताला येईल ते घेऊन भिडा, आणि भिडलात तर अर्धवट नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. "अशा वेळी डोकं चालत नाही," ते म्हणाले. "म्हणून त्याला आधी सांगून ठेवायचं."

मी डोक्याला सांगत सुटलो. चपला सोडून बूट घालू लागलो. किल्ल्यांना शिट्टी अडकवली. नाटकाला गेलो तर पहिला अंक दारं मोजण्यात जायचा. बँकेत रखवालदाराला मागचं दार कुठे आहे असं विचारलं, तेव्हापासून तो माझ्यावर नजर ठेवून असतो. एका दुपारी स्वयंपाकघरात दुधी भोपळ्यावर पंचा ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरला होता, घड्याळ लावून. बायको आली, क्षणभर उभी राहिली.

"भोपळ्याला बरं नाही का?" म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

शिबिरात शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती. घरच्यांशी बोला. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते आधी ठरवा. वहीत मी तेवढा मथळा लिहिला, खाली रेघ मारली. पान कोरंच राहिलं.

तर लग्नाच्या हॉलचं मागचं दार. बाहेर वाहनतळाच्या कडेला तीन पायऱ्या होत्या, तिथे मी बसलो. आत विहिणीला आग्रह चालला होता. थोड्या वेळानं बायको आली. जरीची साडी सावरत माझ्या शेजारच्या पायरीवर बसली.

"दुसऱ्या पंगतीला बसू," म्हणाली. "तुमचं अर्धं झालंच आहे म्हणा."

मी बुटाच्या नाडीकडे बघत म्हणालो, "ती खुर्ची दाराजवळ होती."

"ते दिसलं मला. नाटकालाही दिसतं."

मग मी बोललो. सलग नाही जमलं. मेथी, शटर, ती वही, ते कोरं पान. तुला सोडून पळालो, हे वाक्य इतक्या महिन्यांत मी मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं, ते त्या पायरीवर पूर्ण केलं. पुन्हा तसं झालं तर थांबेन की नाही ते आजही छातीठोक सांगता येत नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती. समोर एक ड्रायव्हर नवरदेवाच्या गाडीवरचे हार सारखे करत होता.

"मग इथून निघायचं झालं, तर कुठे भेटायचं?" तिनं विचारलं.

मी हात करून दाखवलं. फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, रसाच्या गुऱ्हाळापाशी. तिनं नीट मान वळवून ते पाहिलं, रस्ता कुठून ओलांडायचा तेही पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. तोच गुडघा. माझ्याकडे न बघता पदर झटकत म्हणाली,

"त्या दिवशी मला तुम्ही पळताना दिसत होतात. मी हाक मारली नाही. मारली असती आणि तुम्ही थांबला नसतात, तर घरी परत येणं अवघड झालं असतं मला." मग दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी हाक मारीन."