दोनचं उदाहरण

दर बुधवारी चार वाजता संस्थेच्या पहिल्या मजल्यावर सेमिनार असायचं. बोलणारा पाहुणा दर आठवड्याला नवा. शेवटचा प्रश्न विचारणारा मात्र एकोणीस वर्षं एकच.

शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला, कोपरांवर विरलेला करडा स्वेटर घालून हे गृहस्थ बसायचे. टाळ्या पडल्या, हुशार लोकांचे हुशार प्रश्न विचारून झाले, की त्यांचा हात वर जायचा. पुरता नाही, कानापर्यंत. "एक बारीक शंका होती. हेच जरा दोनला करून दाखवता का?"

म्हणजे पाहुण्याने तासभर घाम गाळून कितीही मितींच्या अवकाशाबद्दल काही सिद्ध केलेलं असो, यांना ते दोन मितींत बघायचं असायचं. कितीही ठिपक्यांच्या जाळ्याबद्दल असेल, तर दोन ठिपक्यांच्या. बहुतेक पाहुणे हसून अर्ध्या मिनिटात करून दाखवायचे आणि चहाला जायचे. पण वर्षातून एखाददुसरा हसत हसत फळ्याकडे वळायचा आणि वळलेलाच राहायचा. मग हॉलमध्ये अशी शांतता पसरायची की पंख्याची करकर मोजता यावी.

त्यांना सगळे शंकासुर म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते सिद्ध झालेलं नाही, पण संशय पहिल्या रांगेतल्या भौतिकवाल्यांवर आहे. हे भौतिकशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक; हाताची घडी घालून सेमिनारभर झोपायचे आणि टाळ्यांनी जागे व्हायचे. "मी मुळात शंकासुरांच्या प्रश्नासाठीच येतो," ते म्हणायचे, "बाकीचं पेपरात वाचता येतं."

शंकासुर संस्थेचे कुणीच नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजात ते पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवायचे. बुधवारचा शेवटचा तास त्यांनी दरवर्षी टाइमटेबल करणाऱ्याच्या मिनतवाऱ्या करून मोकळा ठेवून घेतलेला. दोन बस बदलून साडेतीनच्या चहाला पोचायचे, दोन बिस्किटं घ्यायची, दारातल्या वहीत सही करायची. वहीत 'कामाचं स्वरूप' असा रकाना होता. त्यात ते एकोणीस वर्षं 'ऐकणे' असं लिहीत आले होते, आणि घरी बायको म्हणायची, "हे तिथंच करता वाटतं."

आता माणसाला दोनचं एवढं वेड का, तर त्याला कारण होतं. तरुणपणी ते स्वतः संशोधन करत होते. एका वर्कशॉपमध्ये त्यांनी आपलं पहिलं प्रमेय मांडलं. टाळ्या मिळाल्या, कुणी काही विचारलं नाही. त्या प्रमेयावर त्यांनी पुढची चार वर्षं इमले चढवले. चार वर्षांनी दुसऱ्याच गावच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या रांगेत एक वयस्कर गणिती त्यांना म्हणाले, "तुमचं ते दोनला चालत नाही, मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण तुम्ही इतके खुशीत होता, म्हटलं कशाला." हातात ताट होतं म्हणून बरं, नाहीतर शंकासुरांनी त्या सज्जन माणसाचं काय केलं असतं कोण जाणे. परत येऊन त्यांनी सगळे कागद एका खोक्यात भरले, खोकं माळ्यावर टाकलं आणि कॉलेजात नोकरी धरली. चूक सापडली याचं त्यांना तेवढं दुःख नव्हतं. ती चार वर्षं एका माणसाच्या सभ्यपणात गेली, हे त्यांना आयुष्यभर गिळता आलं नाही.

हे त्यांनी फक्त एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, ती म्हणजे त्यांची भाची.

भाची थोरल्या बहिणीची. शाळेत असताना गणिताची वही घेऊन मामाकडे यायची. मामा वहीकडे न बघता म्हणायचा, "आधी दोनला करून बघ." ती चिडायची, पाय आपटायची आणि करून बघायची. वहीत नेमकं चुकलेलं दिसलं आणि पोरीचं तोंड बघून बोलवत नसलं, की मामा चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसत बसायचा. भाची पुढे डॉक्टरेट झाली, दोन ठिकाणी तात्पुरत्या जागांवर राहिली, दोन्हीकडे बॅगा कधी पुरत्या उघडल्याच नाहीत. आणि आता याच संस्थेत एक कायमची जागा निघाली होती. उमेदवार तिघं. तिघांनी एकेका बुधवारी सेमिनार द्यायचं, मग समिती ठरवणार. पहिले दोघं देऊन गेले. दोघांनाही शंकासुरांनी दोनचं विचारलं, आणि दोघंही तरले. तिसरा बुधवार भाचीचा होता.

सकाळीच ताईचा फोन आला. "तू जाणारच असशील."

"जाणार तर."

"जा. पण तिथं तोंड उघडू नकोस."

"ताई, मी एक साधा प्रश्न—"

"तुझे साधे प्रश्न मला माहीत आहेत. माझ्या लग्नात भटजींना विचारला होतास एक. एक तास उशीर झाला होता."

साडेतीनला चहाच्या टेबलापाशी भाची भेटली. हातात नोट्स, बोटांना आधीच खडू. तिने मामाच्या बशीतलं एक बिस्किट उचललं आणि न खाता तसंच धरून ठेवलं.

"मामा, आज तेवढं नको विचारूस."

"ताईने शिकवून पाठवलं का?"

"नाही, माझं मीच म्हणतेय. तू विचारलंस की सगळे हसतात. मला आज कुणी हसायला नकोय. आणि भाची म्हणून विचारलं, भाची म्हणून सोडलं, असलं काहीतरी होणारच. प्रूफ बरोबर आहे. तीनदा तपासलंय."

"मग प्रश्नच मिटला," शंकासुर म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

भाची सुरेख बोलली. उगाच मोठे शब्द नाहीत, फळ्यावरचं अक्षर शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल असं. पहिल्या फळ्यावर तिने प्रमेय लिहून त्याला चौकट केली: 'कोणत्याही जाळ्यात असं असं होतंच.' जाळं म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बस. युक्तीही छान होती. मोठ्या जाळ्याचे दोन तुकडे करायचे, पण असे की मधली एक पट्टी दोन्ही तुकड्यांत येईल. डाव्या तुकड्यात जे खरं ते पट्टीवरही खरं, आणि पट्टीवरून ते उजव्या तुकड्यात सरकतं. शिंपी दोन कापडं जोडताना थोडं कापड एकावर एक चढवतो ना, तसं. भौतिकवाले चक्क जागे होते. समितीतले एक गृहस्थ मान डोलावत होते.

चौथ्या फळ्यावर एक छोटं उपप्रमेय आलं. 'हे तर उघडच आहे,' म्हणत भाचीने ते चार ओळींत उरकलं. चूक राहायला जागा शोधते ती नेमकी अशा पाटीखाली.

शंकासुरांचा उजवा हात, त्यांना न विचारता, सवयीने वहीच्या कोपऱ्यात दोन ठिपके काढून मोकळा झाला. दोन ठिपके, मध्ये एक रेघ. डावा तुकडा म्हणजे डावा ठिपका. उजवा तुकडा म्हणजे उजवा ठिपका. आणि दोघांत मिळून असलेली पट्टी?

पट्टी नव्हतीच. शिवायला कापडच नव्हतं.

त्यांनी पुन्हा बघितलं. मग पेन्सिल खाली ठेवली. पुढची वीस मिनिटं भाची काय बोलली ते त्यांना आठवत नाही. आठवतं एवढंच, की माळ्यावरचं खोकं डोळ्यांसमोर होतं, आणि शेजारी तिच्या त्या न उघडलेल्या बॅगा. विचारलं तर जागा जाईल, समितीच्या देखत, मामाच्या तोंडून. न विचारलं तर जागा मिळेल, आणि ती या चार ओळींवर वर्षं रचत जाईल. मग कुठल्याशा जेवणाच्या रांगेत हातात ताट असताना तिला कुणीतरी सांगेल, आणि ती विचारेल, मामा, तू तर हॉलमध्ये होतास ना. संध्याकाळी तिला बाजूला घेऊन सांगू, असंही त्यांच्या मनात आलं. समिती संध्याकाळीच बसणार होती. म्हणजे आधी जागा, मग खरं. त्या वयस्कर गृहस्थाच्या मनातही असंच काहीतरी आलं असेल, असा विचार शिवून गेला आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

टाळ्या पडल्या. चार-पाच प्रश्न झाले, भाचीने नीट परतवले. सेमिनार चालवणाऱ्या बाई उठल्या. "आणखी कुणाला काही?" म्हणत त्यांनी शेवटून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या हॉलने पाहिलं. भौतिकवाल्यांनी तर खुर्चीच फिरवली.

शंकासुर चाचरत म्हणाले, "आज काही नाही, मॅडम."

"नाही?" बाईंना ते चटकन उमगेना.

"भाचीला सूट दिसतेय," भौतिकवाले म्हणाले, आणि हॉल हसला.

भाचीही हसली. मनासारखं झालं होतं. तिने खडू ठेवला, हात झटकले आणि मामाकडे बघितलं. मामाने चष्मा काढला होता आणि स्वेटरच्या टोकाने पुसत होता. फार मन लावून, आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

तिचं हसू ओठांवरच राहिलं. बाई आभाराचं बोलायला लागल्या होत्या.

"मॅडम, एक मिनिट. सरांनी विचारलं नाही, तर मीच करते दोनचं."

तिने खडू पुन्हा उचलला. कोऱ्या फळ्यावर दोन ठिपके, मध्ये रेघ. डाव्या ठिपक्याभोवती एक गोल, उजव्याभोवती एक गोल. मग पट्टी दाखवायला खडू दोन गोलांच्या मध्ये गेला आणि तिथेच थांबला.

पंखा करकरत राहिला.

"पट्टी रिकामी आहे," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग ती चौथ्या फळ्याकडे वळली. "म्हणजे चौथ्या फळ्यावरचं चुकलंय. पट्टीत निदान एक ठिपका हवा, ही अट घालावी लागेल. अट असली की पुढचं सगळं उभं राहतं, असं आत्ता तरी वाटतंय. पण मग..." ती पहिल्या फळ्याकडे गेली, चौकटीतला 'कोणत्याही' हा शब्द तळहाताने पुसला आणि त्या जागी 'काही' लिहिलं. "सध्या एवढंच म्हणता येईल."

त्या एका शब्दाची किंमत हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होती. भौतिकवाले हळूच शेजाऱ्याला म्हणाले, "आज तर न बोलताच खाल्लं की हो." पण ते हसले नाहीत, आणि टाळ्या वाजवायला पहिले तेच लागले.

बसस्टॉपवर दोघं शेजारी उभे होते. तिच्या तळहातावरचा खडू अजून गेला नव्हता.

"कधी दिसलं तुला?"

"चौथ्या फळ्याला."

"म्हणजे वीस मिनिटं गप्प बसलास."

"तूच म्हणाली होतीस, विचारू नकोस."

"मी काय, लहानपणी वही तपासू नकोस असंही म्हणायचे." ती रस्त्याकडे बघत होती. "एकोणीस वर्षं सगळ्या जगाला विचारलंस, मामा. मलाच नाही?"

 शंकासुरांनी खिशात हात घातला आणि चहाच्या वेळचं उरलेलं बिस्किट काढून तिला दिलं. या वेळी तिने ते खाल्लं.

बसमध्ये ताईचा फोन. "झालं का नीट? तू काही विचारलं नाहीस ना?"

"मी नाही विचारलं."

"शप्पथ?"

"शप्पथ. हवं तर भाचीला विचार." आणि त्यांनी फोन शेजारी दिला. पुढची दहा मिनिटं भाची फोन कानापासून वीतभर लांब धरून बसली होती.

कायमची जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. भाचीला संस्थेने दोन वर्षांची जागा देऊ केली. पत्रासोबत बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती, की अट घालून लिहिलेला पेपर आधी आपल्याला वाचायला द्यावा. ताईने भावाशी महिनाभर अबोला धरला आणि मग तो आपणच मोडला, कारण भाची आता मामाकडेच राहायला आली होती आणि ती जेवते की नाही हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

पेपर वर्षभराने छापून आला. भाचीने एक प्रत मामाच्या टेबलावर ठेवली आणि कामाला निघून गेली. शंकासुरांनी आधी शेवटचं पान उघडलं. आभारांत बाईंचं नाव होतं, संस्थेचं होतं, आणि शेवटी एक ओळ: 'न विचारलेल्या एका प्रश्नासाठी एका श्रोत्याचे आभार.'

ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग पहिलं पान काढलं, समासात जागा बघितली आणि पेन्सिलीने दोन ठिपके काढले.